अडीअडचणीला

रात्रीची वेळ, धो धो पाऊस, आसपास चिटपाखरू नाही. एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही नखशिखान्त भिजलेली. खिशात दमडी नाही, डोकं टेकायला जागा नाही आणि मुलाचा तोल पार सुटलेला. तेवढ्यात मुलीला आठवतं की आपल्याजवळ क्रेडिट कार्ड आहे.

"तुझ्याकडे क्रेडिट कार्ड आहे?"

"आहे. पण बाबांनी बजावलंय, फक्त अडीअडचणीलाच वापरायचं."

तो क्षणभर तिच्याकडे बघतो. "बरं. येईलच म्हणा एखादी."

हा प्रसंग 'द शुअर थिंग' या सिनेमातला. तो अमेरिकेत लागला १९८५ च्या मार्चमध्ये. मी तो पहिल्यांदा पाहिला १९८८ च्या डिसेंबरात, ओहायोतल्या एका अपार्टमेंटच्या गालिच्यावर बसून, व्हिडिओ कॅसेटवर. खोलीत आम्ही चौघी होतो. या जागेला तिघी खळखळून हसल्या. मीही हसले, पण हात आपोआप कमरेशी गेला. तिथे कुर्त्याच्या आतून आईनं शिवलेला चोरखिसा होता आणि त्यात १०० डॉलरचा एक ट्रॅव्हलर्स चेक. हो, घरात बसून सिनेमा बघतानासुद्धा. नवीन होते हो मी तिथे, चारच महिने झाले होते.

ट्रॅव्हलर्स चेक म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. नोटेएवढा, नोटेसारखाच नक्षीदार कागद. त्यावर सहीच्या दोन जागा. एक सही चेक घेताना बँकेतल्या माणसासमोर करायची, दुसरी तो मोडताना समोरच्या माणसादेखत. दोन्ही जुळल्या की पैसे. चोरीला गेला तर नंबर कळवून भरपाई मिळे, म्हणून नंबर वेगळे लिहून ठेवायचे. आमच्या सांगलीहून मी आणि अण्णा पुण्याला गेलो, तिथल्या एका बँकेत दीड दिवस घालवला, पासपोर्टाच्या मागच्या पानावर किती परकीय चलन दिलं त्याची नोंद आणि शिक्का पडला, आणि बाकीच्या रकमेबरोबर असे तीन चेक हातात आले. मी सह्या करत होते तेव्हा अण्णा शेजारी उभे राहून नंबर आपल्या डायरीत उतरवून घेत होते. एक एक आकडा पेन टेकवून, पुन्हा ताडून. बाहेर रसवंतीवर बसल्यावर म्हणाले, "दोन लागतील तसे मोड. तिसरा अडीअडचणीला."

मी विचारायला हवं होतं, अण्णा, अडचण म्हणजे नेमकी कोणती? पण आमच्याकडे असले प्रश्न विचारत नसत. अडचण आली की कळते, असंच सगळे धरून चालत.

तर सिनेमा. तो आणायचं कारण असं की दोन दिवसांनी मी राइडनं न्यू जर्सीला निघाले होते. एडिसनला माझी मावशी राहायची, ख्रिसमसच्या सुट्टीत तिच्याकडे जायचं ठरलं होतं, आणि विमानाचं तिकीट परवडण्यातलं नव्हतं. त्या काळी अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत एक 'राइड बोर्ड' असे. आमच्याकडे तो विद्यार्थ्यांच्या उपाहारगृहाबाहेरच्या भिंतीवर होता. अमेरिकेचा मोठा नकाशा, त्याचे भाग पाडलेले, आणि प्रत्येक भागाखाली खुंटीला अडकवलेली कार्डं. 'मी अमुक तारखेला अमुक गावी निघालोय, दोन जागा आहेत, पेट्रोलचा खर्च वाटून घेऊ.' किंवा उलट, 'मला जायचंय, कोणी नेईल का?' खाली फोन नंबर. बस्स. ओळख ना पाळख. आम्ही सांगली-कोल्हापूर रस्त्यावर वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी गाडीनं जायचो, पण तिथे निदान ड्रायव्हर कुणाचा कोण ते गाडीतल्या कुणाला तरी ठाऊक असायचं.

वरच्या मजल्यावरची वर्गमैत्रीण म्हणाली, राइडनं पहिल्यांदाच चालली आहेस ना, मग हा बघून जा. कॅसेटवरचं नाव वाचून माझी नागपूरची रूममेट म्हणाली, "हा तर भलताच सिनेमा दिसून राहिला ना बाप्पा." आणि पहिली दहा मिनिटं तिचंच खरं वाटतं. त्या दशकात अमेरिकेत कॉलेजच्या पोरांच्या आंबटशौकीन विनोदी सिनेमांची लाटच आली होती, आणि हा निघतो त्याच घाटावरून. गिब नावाचा कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा मुलगा. अंतराळ, अग्निबाण, तारे असलं काहीतरी भारदस्त बोलून मुलींवर छाप पाडायला बघतो आणि तोंडावर आपटतो. कॅलिफोर्नियातला त्याचा मित्र त्याला कळवतो की सुट्टीत इकडे ये, तुझ्यासाठी एक मुलगी ठरवून ठेवलीय, काही करावं लागणार नाही, काम पक्कं. तीच ती 'शुअर थिंग'. हमखास.

त्याच्याच इंग्रजीच्या वर्गात अ‍ॅलिसन आहे. हुशार, काटेकोर, इस्त्रीची घडी न मोडणारी. तिचा मित्र लॉस एंजेलिसमध्ये शिकतोय आणि दोघांच्या पुढल्या आयुष्याचं वेळापत्रक जवळजवळ तयार आहे. गिब शिकवणीच्या निमित्तानं तिच्याशी लगट करायला जातो, ते अंगाशी येतं, ती त्याचं तोंड बघेनाशी होते. आणि मग सुट्टी लागते, राइड ठरते, आणि ईशान्येकडून निघून थेट लॉस एंजेलिसला जाणाऱ्या त्या गाडीच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी हीच दोघं.

गाडी ज्यांची आहे ते जोडपं म्हणजे या सिनेमातलं माझं लाडकं प्रकरण. टिम रॉबिन्स (तेव्हा त्याला कोण ओळखत होतं!) आणि लिसा जेन पर्स्की. सदा हसतमुख, सदा उत्साही, आणि सदा गाणारे. नाटकांतली गाणी, एकामागून एक, टाळ्या वाजवत. आपल्याकडे सहलीच्या एसटीत अंताक्षरी सुरू करणारे आणि कुणी गात नसेल तर "अहो, तुम्ही का गप्प?" म्हणून खांद्याला हलवणारे जे काका असतात, त्यांची ही अमेरिकन आवृत्ती. असल्या जोडप्यासमोर दोन कट्टर वैऱ्यांचीसुद्धा नजरानजर होणारच. दोघांचं पहिलं एकमत कुठल्या मोठ्या गोष्टीवर होत नाही, 'हे लोक गायचे थांबतील तर बरं' यावर होतं.

मग त्यांना गाडीतून उतरवलं जातं (चूक थोडी त्याची, थोडी तिची), आणि खरा प्रवास सुरू होतो. अंगठा दाखवून गाड्या थांबवायच्या, मिळेल ते खायचं, मिळेल तिथे झोपायचं.

एक हिशेब मला फार आवडतो. तेलटंचाईनंतर १९७४ पासून अमेरिकेत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा होती, ती १९८७ पर्यंत हलली नाही. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यापर्यंत साधारण ३,००० मैल. म्हणजे कायदा पाळला तर नुसतं चाकांवर ५५ तास. या ५५ तासांत फोन नाही, नकाशा कागदी, रेडिओ गावागणिक बदलणारा. शेजारच्या माणसाशी बोलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि न बोलायचं ठरवलं तर तेही ५५ तास निभवावं लागणार. दिग्दर्शक रॉब रायनरनं नेमकं हे ओळखलं असावं. त्याचा हा दुसराच सिनेमा. 'व्हेन हॅरी मेट सॅली' त्यानंतर चार वर्षांनी आला आणि जास्त गाजला, पण त्यातसुद्धा सुरुवात कशानं होते? दोन अनोळखी माणसं पेट्रोलचा खर्च वाटून घेऊन शिकागोहून न्यूयॉर्कला निघतात. त्याला ही गाडीतली कोंडी आवडत असणार.

'द शुअर थिंग'मध्ये प्रेम कुठे सुरू होतं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. मी कॅसेट मागेपुढे करून शोधलंय. भांडण चालू असतं, मग तेच भांडण जरा वेळानं गप्पा झालेलं असतं. मुलाचं नाव काय ठेवावं यावरून ती दोघं वाद घालतात ते आठवतं. त्यांच्या मुलाचं नव्हे बरं का, असंच, जगातल्या कुठल्याही मुलाचं. ती म्हणते, एलियट. हा उखडतो. एलियट? जाडा, चष्मेवाला, डिंक खाणारा पोरगा होईल तो! नाव ठेवायचं तर निक. निक म्हणजे आपला माणूस, ज्याच्याबरोबर बिअर प्यावी, ज्याच्या गाडीत ओकलं तरी जो काही बोलत नाही. जॉन क्युसॅक हे असं बोलतो की पाठांतर वाटतच नाही. सिनेमा लागला तेव्हा तो जेमतेम १८ वर्षांचा होता. आणि ऐकताना डॅफ्नी झुनिगाच्या चेहऱ्यावर हसू येऊ न देण्याची जी धडपड चाललेली असते ती बघावी. संवाद त्याचे आहेत, पण प्रसंग तिचा आहे, असं माझं मत.

आता माझा प्रवास. डिसेंबरातला शनिवार, सकाळी सात. गाडी एका मुलीची, जुनी दोन दारांची डॅटसन, मागच्या काचेचा कोपरा चिकटपट्टीनं धरलेला. ती संगीत शिकत होती आणि तिचा चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, मागच्या सीटवर माझ्या शेजारी पट्टा लावून बसवला होता. पुढे एक मुलगा, पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व टोकाला स्ट्राउड्सबर्गला उतरणारा, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया फोडून कागदी पेल्यात टरफलं टाकत होता. नावं आठवतात, पण लिहीत नाही. मी आईनं पाठवलेल्या चिवड्याचा डबा काढला. तिनं एक शेंगदाणा वेचून खाल्ला, मग कढीपत्ता खाल्ला, मग डबाच मांडीवर घेतला. त्या दिवशी चिवडा एकट्या ड्रायव्हरनं संपवला.

ओहायो संपून इंटरस्टेट ८० पेनसिल्व्हेनियात शिरतो आणि डोंगर लागतात. उजाड झाडं, बर्फ, मैलोन् मैल वस्ती नाही. क्लिअरफिल्डच्या आसपास रस्त्याकडेला एक पाटी आहे: मिसिसिपीच्या पूर्वेला या रस्त्याचा सर्वांत उंच बिंदू, २,२५० फूट. आपल्या महाबळेश्वरच्या निम्म्यानं, म्हणून मी मनात हसले. पाटी मागे पडून पाच-दहा मिनिटं झाली असतील, आणि हीटरमधून गार वारा यायला लागला. मग तापमानाचा काटा वर चढला. मग गोडसर वास.

रेडिएटरचा होज फाटला होता. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की बाहेर शून्याच्या खाली थंडी आहे, साडेतीन वाजलेत, एका ट्रकवाल्यानं पुढच्या गावातल्या गॅरेजपर्यंत ओढून आणलंय, आणि हात पुसत बाहेर आलेला मेकॅनिक म्हणतोय, ४५ डॉलर, रोख.

चेलोवालीनं पर्स पालथी केली. १४ डॉलर निघाले. मुलानं पाकीट काढलं. माझ्या वरच्या पर्समध्ये २२ होते, त्यातले १५ पेट्रोलच्या वाट्याचे म्हणून बाजूला धरलेले. मी ते सात काढून दिले. मग थोडं थांबून पेट्रोलच्या पैशांतले पाचही दिले. कमरेला १०० डॉलर होते. मी काही बोलले नाही.

'रोख' म्हणालाय तो, मी स्वतःला समजावलं, त्याला चेक कसा चालेल? पण अमेरिकेत तेव्हा ट्रॅव्हलर्स चेक पेट्रोल पंपावरसुद्धा घेत असत, आणि हे मला माहीत होतं. मी विचारलंच नाही. सगळे मिळून काही मिनिटं गप्प होतो. मग त्या मुलानं बूट काढला, मोज्यातून घडी घातलेली २० ची नोट काढली आणि म्हणाला, ही मी आईच्या भेटवस्तूसाठी ठेवली होती. त्यानं ती काउंटरवर ठेवली. हसतच ठेवली. पुन्हा गाडीत बसल्यावर त्यानं बियांची पिशवी मागे माझ्यासमोर धरली. मी नको म्हटलं.

दोनच रात्रींपूर्वी मी अ‍ॅलिसनला हसले होते.

तो रात्री उतरला तेव्हा त्याचा पत्ता विचारायचं मनात आलं, पैसे पाठवता आले असते. पण पत्ता विचारला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

त्या सुट्टीनंतर मी परत येऊन सिनेमा पुन्हा बघितला, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की यात 'शुअर थिंग' एक नाही, दोन आहेत. गिबची कॅलिफोर्नियातली मुलगी हे तर उघडच. पण अ‍ॅलिसनचा मित्र? तोही तितकाच हमखास. त्याचं वागणं माहीत, त्याचे बेत माहीत, चहा किती वाजता घेतो तेही माहीत असावं. फरक इतकाच की तिचं हमखास सभ्य आहे, घरी सांगता येण्याजोगं आहे. आपल्याकडे यालाच स्थळ म्हणतात. 'अगदी पक्कं आहे हो, फक्त सुपारी फुटायचीय.' दोघं ३,००० मैल ज्याच्याकडे धावतायत ते दोन्ही टोकांना पक्कं आहे. मधला रस्ता तेवढा कच्चा.

(नमूद करायला हवं की माझं लग्न पक्क्या स्थळातूनच झालं, चहापोह्यांसकट, आणि बरं चाललंय. नवऱ्याला हा सिनेमा फारसा आवडत नाही. त्याच्या मते दोघांनी सरळ बसनं जायला हवं होतं.)

सिनेमात खटकणारंही आहे आणि वय वाढेल तसं ते जास्त खटकतं. त्या हमखास मुलीला नावच नाही. श्रेयनामावलीत निकोलेट शेरिडनसमोर लिहिलंय 'द शुअर थिंग'. पोरांच्या नजरेतून गोष्ट सांगताय हे मान्य, पण ती शेवटी तिथे एक रात्र घालवते, बोलते, तिला एखादं नाव देता आलं नसतं? आणि दुसरा तो पिकअप ट्रकचा प्रसंग. अ‍ॅलिसन चिडून एकटीच लिफ्ट घेते, गाडीवाला अंगलगट करू लागतो, आणि गिब वेड्याचं सोंग घेऊन त्यालाच घाबरवून सोडतो. क्युसॅक धमाल करतो, लोक हसतात. मी तेव्हाही हसू शकले नव्हते. आईनं मुंबईच्या विमानतळावर जे न बोलता सांगितलं होतं ते नेमकं हेच होतं, आणि त्याच्यावर विनोदाची शाल पांघरलेली मला चालत नाही. कुणी म्हणेल, काळ तसा होता. काळ तसा होता म्हणूनच तर चोरखिसा होता.

सांगाडा जुनाच आहे. श्रीमंत घरची हेकट मुलगी आणि फाटक्या खिशाचा वाचाळ तरुण, बस, पाऊस, अंगठा दाखवून थांबवलेली गाडी, हे फ्रँक काप्राच्या 'इट हॅपन्ड वन नाइट'मध्ये १९३४ साली येऊन गेलंय. मानाचे पाचही मोठे ऑस्कर एकाच सिनेमानं नेण्याचा पहिला मान त्याचा. त्यावरून आपल्याकडे १९५६ साली राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' आला, १९९१ मध्ये 'दिल है के मानता नहीं'. 'चोरी चोरी' मी दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी पाहिलेला, शेजारपाजारचे सगळे आमच्या बैठकीत, अण्णा दाराशी उभे. त्यामुळे ओहायोत बसून 'शुअर थिंग' बघताना मला सारखं वाटत होतं की या घरात आपण आधी येऊन गेलोय. पण जुन्या दोन्हीत मुलगी बापाच्या घरातून पळालेली असते. अ‍ॅलिसन पळालेली नाही. ती बापानं दिलेलं कार्ड घेऊन, सांगून-सवरून, सरळ रस्त्यानं निघालेली आहे. तिला पळवायला कुणी नाही, तिला स्वतःलाच एक पाऊल आडवं टाकायचंय. ते जास्त अवघड. निदान मला जास्त ओळखीचं.

तिच्या इंग्रजीच्या बाई तिला सुरुवातीलाच हे सांगतात. व्हिव्हेका लिंडफोर्सनं केलेल्या या बाई म्हणजे तशी छोटीच भूमिका, पण काय डौल! लिहायचंय ना, मग झोप येईल तेव्हा झोप, झोपायला हवं म्हणून नको. तब्येतीला वाईट असं काहीतरी अधूनमधून खा. ज्यांच्या कपड्यांचे रंग एकमेकांना जुळत नाहीत अशा माणसांशी बोल. आमच्या शाळेत मराठीच्या बाई निबंधाआधी 'मुद्दे लिहून घ्या, समास सोडा' एवढंच सांगायच्या, त्यामुळे मी हे ऐकून चाटच पडले होते.

आणि शेवट. ट्रकमध्ये अ‍ॅलिसन झोपलीय असं समजून गिब ड्रायव्हरला हमखास मुलीबद्दल सांगून बसतो, ती जागी असते, लॉस एंजेलिसला दोघं दोन दिशांना जातात. सुट्टी संपते, कॉलेज सुरू होतं, एकाच वर्गात बसून एकमेकांशी बोलत नाहीत. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात आता विमानतळावर धावाधाव झाली असती. इथे काय होतं? बाई वर्गात एक निबंध वाचून दाखवतात.

खरंच. प्रेमकथेचा कळसाध्याय म्हणजे वर्गात मोठ्यानं वाचलेला निबंध. कुणाचा ते बाई सांगत नाहीत, पण गिब बाकावर चुळबुळतोय. निबंधात एक मुलगा आहे, एक देखणी मुलगी आहे, ती विचारते, माझ्यावर प्रेम आहे ना तुझं? हे शब्द त्यानं आधी कितीदा सहज वापरलेत. आणि त्या रात्री पहिल्यांदाच ते त्याच्या तोंडून निघत नाहीत, कारण आता त्यांचा अर्थ त्याला कळलाय. म्हणजे हमखास जे होणार होतं ते झालं नाही. अ‍ॅलिसन ऐकते. आपण तिचा चेहरा बघतो. ती त्याला विचारते, तुझं तिच्याशी काही झालं नाही? तो म्हणतो, नाही. तिचंही लॉस एंजेलिसचं प्रकरण मिटलेलं असतं.

शाळेत माझे दोन निबंध वर्गात वाचले गेलेत, 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'मी पंतप्रधान झाले तर'. त्या वेळी कानाच्या पाळ्या कशा तापतात ते ज्यांचे वाचले गेलेत त्यांनाच माहीत. पण माझ्या त्या निबंधांत मी कुठेच नव्हते. स्ट्राउड्सबर्गला उतरलेल्या मुलाबद्दल मी आज पहिल्यांदा लिहितेय, वयाच्या साठीला टेकल्यावर, आणि तेही एका सिनेमाच्या आडोशानं.

गेल्या दिवाळीत लेक घरी आली होती, तिच्याबरोबर पुन्हा पाहिला. तिला वाटलं होतं आई जुनं काहीतरी दाखवून बोअर करणार. पावसातल्या त्या प्रसंगाला ती इतकी हसली की चकली घशात अडकली. मग मी तिला चेकबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "थांब, अजून आहे तो तुझ्याकडे? दाखव."

आहे. पासपोर्टांच्या जुन्या पाकिटात. मी १९९२ मध्ये परत आले तेव्हा तो तसाच घेऊन आले. अण्णा पत्रातून विचारायचे, तिसरा आहे ना जपून? मी लिहायचे, आहे. त्यांना याचा फार अभिमान होता. आल्यागेल्याला सांगायचे, पोरगी चार वर्षं एकटी परदेशात राहिली, पण एकदाही अडचण आली नाही. मी मान खाली घालून चहा पुढे करायचे.

अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. सांगलीचं घर आवरताना ती डायरी सापडली. १९८८ ची, बँकेनं फुकट दिलेली. मधल्या पानावर तीन नंबर, खालीवर नीट, आकड्याखाली आकडा. पहिले दोन मी घरभाड्याच्या अनामतीसाठी मोडले तेव्हा कळवलं होतं, त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा आणि तारखा. तिसऱ्यापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द, 'शिल्लक'.

लेकीनं लगेच फोनवर शोधून सांगितलं की असल्या चेकना मुदत नसते, अजूनही वटेल. फक्त खालची सही वरच्या सहीसारखी हवी. वरची सही २२ वर्षांच्या मुलीची आहे, माहेरच्या नावाची, आडनावाच्या शेवटच्या अक्षराला मोठा वळसा दिलेली. मी तशी सही १९९३ नंतर केलेली नाही.

परवा वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत करून बघितली. पहिल्या दोन अजिबात जमल्या नाहीत. तिसरी बरी आली.